हा फर्मा सोडणार नाही

"तुळशीराम, ही फळी आज रिकामी पाहिजे," बापूसाहेब म्हणाले. "सारं सोडून टाक."

बापूसाहेब म्हणजे प्रेसचे मालक. अकोल्याला जुन्या कापड बाजाराच्या मागं त्यांची प्रेस होती अन् मी तिथं कंपोझिटर होतो. साठ सालाच्या अलीकडची गोष्ट का पलीकडची, ते आता आठवत नाही. लगीनसराई होती एवढं पक्कं.

"सारं म्हणजे?" मी विचारलं.

"गणपतीची पत्रिका राहू दे. ती रोज लागते. बाकीचं सोड. सोसायटीचा अहवाल आला आहे, त्याला खिळे कुठून आणू?"

ज्यांनी खिळ्यांची प्रेस पाहिली नाही त्यांना हे समजणार नाही, म्हणून सांगतो. तेव्हा छापायचं अक्षर शिशाचं असे. एक अक्षर म्हणजे एक खिळा. खिळे ठेवायची खणाखणाची लाकडी पेटी असे, तिला केस म्हणतात. डाव्या हातात स्टिक म्हणजे लोखंडी पट्टी धरायची अन् उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात उलटा लावायचा. ओळीला ओळ जोडून पान झालं की सुतळीनं बांधायचं. तो झाला फर्मा. छापून झालं की घासलेटनं धुवायचा, सुतळी सोडायची अन् एकेक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. याला मॅटर सोडणं म्हणतात. म्हणजे जुळवायलाही जीव घालवा अन् मोडायलाही घालवा.

मी तसं करत नव्हतो. लग्नपत्रिका काय अन् कोर्टाची नोटीस काय, बहुतेक ओळी त्याच त्या. बदलतं काय? नाव, गाव, तारीख. मग त्याच त्या ओळी मी सोडतच नसे. धुऊन, बांधून फळीवर ठेवायच्या. याला उभं मॅटर म्हणतात. गिऱ्हाईक आलं की फर्मा खाली घ्यायचा, जुनं नाव काढायचं, नवं घालायचं. गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत प्रूफ तयार. लहान तुकडेही बांधून ठेवले होते. 'यांचे ज्येष्ठ चिरंजीव' हा एक तुकडा. 'कृपया आहेर आणू नये' हा एक. 'याद्वारे कळविण्यात येते की' हा एक. फळीवर खडूच्या खुणा होत्या. न पाहता हात जात असे. लोक आळशी म्हणत. म्हणोत. आळशी माणसाचं प्रूफ आधी निघत होतं.

मागच्या पावसाळ्यात माझी बायको गुंफा वारली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा कागद छापायला अमरावतीत कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानवाल्यानं नाव विचारलं, दोन बटनं दाबली अन् सारा मजकूर पडद्यावर उभा राहिला. "बाबा, एकदा टाईप केलं की हे लक्षात ठेवते, पुन्हा टाईप करायचं काम नाही," असं मला समजावून सांगून राहिला. मी म्हटलं, "पोरा, तुझ्या बापाच्या लग्नाच्या आधीपासून मी हेच करत आलो." तो हसला. मला हसू आलं नाही. त्याच्या तयार मजकुरात 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' असं होतं. आमच्या घरात ईश्वर छप्पन सालीच बंद झाला. ती ओळ मी काढायला लावली. त्या दिवसापासून ही जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून राहिलो.

तर फळी. फळीवर लग्नपत्रिकेचे दोन फर्मे होते. एक गणपतीचा. वर गणपतीचा ब्लॉक म्हणजे चित्राचा ठसा, खाली 'श्री कुलस्वामिनी कृपेने', मग नावं, मग मुहूर्त. तो बापूसाहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला.

दुसरा आमचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा देव घरातून गेले, पण पत्रिका कशी लिहायची हे कोणाला ठाऊक नव्हतं. लोक कागद घेऊन यायचे अन् म्हणायचे, "भाऊ, देव तं टाकायचे नाईत, मंग वरतं टाकू काय?" कोणी वर कोरंच ठेवायचं. कोणी नुसतं 'आमंत्रण' लिहायचं. मी अन् वस्तीतले दोन म्हातारे एका रविवारी बसलो. वर 'नमो बुद्धाय' ठरलं. मध्ये 'बौद्ध पद्धतीने मंगल परिणय' ठरलं. मुहूर्ताच्या जागी घड्याळाची वेळ ठरली. फुलांची बॉर्डर घालून तो फर्मा मी जुळवला. मग बाळापूरहून, मूर्तिजापूरहून लोक येऊ लागले. "तुमच्याकडं आपली पत्रिका तयार असते म्हणे," असं म्हणायचे. आपली पत्रिका. हा शब्द ऐकायला मला बरा वाटायचा.

तो फर्मा सोड म्हणून बापूसाहेब सांगत होते.

"गणपतीची ठेवायची अन् ही सोडायची?" मी म्हटलं.

"हे पाय तुळशीराम, डोक्यात राख घालून घेऊ नको. ती रोज लागते, तुमची कधीमधी. अन् तुमच्या पत्रिकेत 'द्ध'चे खिळे किती अडकून पडले ते पाय. अहवालात 'सुद्धा' आहे, 'वृद्धी' आहे, 'प्रसिद्ध' आहे. ते काय माझ्या दाढेतून काढू?"

हे त्यांचं खरं होतं. जोडाक्षराचे खिळे केसमध्ये मूठभरच असतात. पण खिळे काय आमच्याच पत्रिकेत अडकले होते? गणपतीच्या पत्रिकेतही 'श्री' अडकले होते अन् अहवालात तर पानोपानी श्री होते.

"बापूसाहेब, एक तर दोन्ही सोडा, नाही तर दोन्ही ठेवा. एक उभी अन् एक खणात, हे मी करणार नाही."

"मालक कोण आहे इथं?"

"खिळ्यांचे तुमी. हाताचा मी."

ट्रेडलवर करीमभाई होते. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायची छपाईची मशीन. करीमभाई तिच्यावर माझ्याही आधीपासून. ते पाय न थांबवता म्हणाले, "बापूसाहेब, आज इसको मत छेडो. घर से बगैर रोटी खाए आया है."

"रोटी खाऊनही हा असाच बोलतो," बापूसाहेब म्हणाले अन् आत गेले.

माणूस वाईट नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्या वडिलांनी मला झाडू मारायला ठेवलं होतं. स्टिक माझ्या हातात दिली ती बापूसाहेबांनी. दीक्षेनंतर कित्येक मालकांनी तोंडं वाकडी केली, यांनी नाही केली. पण फळीवर कोणाचं काय राहील हे आपणच ठरवायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यात तसं नव्हतं.

मी बाकीचे फर्मे सोडले. नोटीस सोडली, पावत्या सोडल्या, लहान तुकडे सोडले. आमची पत्रिका फळीवर तशीच ठेवली. तिच्यात नावं बदलायचं एक कामही आलेलं होतं. बाळापूरच्या सुखदेवच्या पोरीचं लग्न होतं. सुखदेव गुंफाच्या माहेरचा, नात्यानं तिचा भाऊ. पोरगा धामणगावचा. सोयरीक जुळली तेव्हाच पोराच्या बापानं सांगून टाकलं होतं, "पत्रिकेवर देव दिसला तं आमी वऱ्हाड घेऊन येनार नाई." त्यांच्या थोरल्या पोराच्या वेळी कुठल्याशा प्रेसनं देवाचं नाव छापून दिलं होतं. गावचे लोक तोंडावर हसले होते. देव सोडले म्हणता अन् पत्रिकेवर बसवता, असं. तेव्हापासून तो माणूस या बाबतीत कडक झाला होता. लग्न येत्या रविवारचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी मला अमरावतीला पाठवलं. अहवालाचा उरलेला मजकूर तिथल्या सेक्रेटरीकडून आणायचा अन् येताना पत्रिकांची कोरी कार्डं आणायची. मुद्दाम पाठवलं काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन दिवस मावळता घरी आलो.

पत्रिकांना घडी घालायचं काम गुंफा घरी करत असे. गणपतीच्या पत्रिका असल्या तर कोपऱ्यांना हळदीकुंकवाचं बोट लावायचं कामही तिचंच. ते ती काम म्हणून करायची. आमच्या पत्रिकांना बोट लागत नसे. त्या दिवशी छापलेला एक गठ्ठा तिच्यापुढं उघडा पडला होता अन् एकाही पत्रिकेला घडी नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती.

"आयकलं काय? ह्या पत्रिका कोनाच्या हायेत?"

"वर नाव असंन ना."

"मले वाचता येते काय? करीमभाई देऊन गेले. सुखदेवदादाच्या पोरीच्या हायेत म्हने. मंग वरतं गणपती कावून बसला?"

मी पत्रिका हातात घेतली. वर गणपतीचा ब्लॉक. खाली 'श्री कुलस्वामिनी कृपेने'. मग सुखदेवच्या पोरीचं नाव, धामणगावच्या पोराचं नाव, दोन्ही बापांची नावं, गाव, तारीख. सारं बरोबर. अन् त्याखाली 'गोरज मुहूर्तावर'. लग्न सकाळी दहाचं होतं.

काय झालं ते समजायला वेळ लागला नाही. मी गेल्यावर बापूसाहेबांनी आमचा फर्मा स्वतः सोडला होता अन् खिळे अहवालात लावले होते. मग सुखदेवचं काम दिसलं. हाताशी गणपतीची पत्रिका होती. तिच्यात नावं बदलली अन् छापून टाकली. उभ्या मॅटरचा हाच धोका आहे. जे बदलायचं तेवढं माणूस पाहतो. जे तसंच राहते त्याच्याकडं कोणी पाहत नाही.

"म्या घडी नाई घालत," गुंफा म्हणाली. "अन् बोट तं लावतच नाई. तुमच्या मालकाले सांगजा."

"उद्या सांगतो."

"कसं सांगसान? तुमी वरतून बोलता अन् ते हासून आत जातात."

"जास्त बोललो तर नोकरी जाईन."

"जाईन तं जाईन! दादाच्या पोरीचं लगन मोडलं तं मी बाळापूरले कोनत्या तोंडानं जाऊ? लोकं मंतीन, गुंफाचा नवरा प्रेसमंदी होता अन् त्यानंच देव छापून देल्ला."

सकाळी मी कोरी कार्डं घेतली अन् ती छापलेला गठ्ठा डोक्यावर घेऊन माझ्यासंगं निघाली. मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा सुखदेव सायकल भिंतीला लावून उभाच होता.

"जयभीम जवाईबापू! झाल्या काय पत्रिका?"

मी एक पत्रिका त्याच्या हातात दिली. सुखदेव ग्रामपंचायतीत नोकरीला होता, वाचता चांगलं येत होतं. तो वाचत गेला अन् त्याचं तोंड उतरत गेलं.

"ही आमी वाटू?" तो म्हणाला. "धामणगाववाले स्टेशनावरून वापस जातीन ना."

बापूसाहेब बाहेर आले. पत्रिका पाहिली. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं, हे मी पाहिलं. पण मालक माणूस.

"एवढं काय त्यात? वरच्या जागेवर पांढरी पट्टी चिकटवून देतो. देव झाकला की झालं."

"झाकलेला देव उघडून पायत नाईत काय लोकं?" गुंफा म्हणाली. "पयले तेच पायतात."

"अन् हे खालचं पाहा साहेब," सुखदेव म्हणाला. "गोरज मुहूर्त! लगन सकायी दहाले. पावने येतीन दिवस मावयता. तवापावतर नवरी नवऱ्याच्या घरी पोचलेली राहीन अन् आमी भांडे घासत राहू."

करीमभाई मशीनवर फसकन हसले. बापूसाहेबांना हसू आलं नाही, पण पट्टीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

"मग जुळवा नवीन," ते म्हणाले. "पण खिळे नाहीत. 'द्ध' सारे अहवालात आहेत. अहवालाचं पान मशीनवर आहे. ते छापून झाल्यावर पाहू."

"कधी होईन?" सुखदेवनं विचारलं.

"परवा."

"परवा घेतल्या तं वाटू कधी?"

एक गोष्ट बरी होती. चुकीच्या पत्रिकेचा फर्मा दगडावर, म्हणजे फर्मे बांधायच्या सपाट ओट्यावर, तसाच बांधलेला पडला होता. नावं त्यात लागलेली होती. सारं पुन्हा जुळवायची गरज नव्हती. गणपतीचा ब्लॉक काढायचा, कुलस्वामिनी काढायची, मुहूर्त काढायचा अन् आमच्या ओळी घालायच्या. बाकीचे खिळे केसमध्ये होते. अडत होतं ते फक्त 'द्ध'वर, अन् ते मशीनवर होते.

मी करीमभाईकडं गेलो. "मशीन थांबवा."

"थांबवायची नाही!" बापूसाहेब ओरडले.

करीमभाईंनी पाय काढला. चाक दोन फेरे फिरून थांबलं.

"काय झालं?" बापूसाहेब म्हणाले.

"मशीन थक गयी."

"लोखंड थकते काय कधी?"

"लोहे को मालूम नहीं पडता. मेरे पैर को मालूम पडता है."

मी पान आवळलेली चौकट खाली घेतली, पाचरी सैल केल्या अन् चिमट्यानं अहवालातले 'द्ध' एकेक उपटून काढले. खिळा काढला की जागा रिकामी ठेवता येत नाही, ओळ ढिली होते. म्हणून तिथं दुसरा खिळा पालथा घालतात. छापलं तर काळा ठोकळा उमटतो. कंपोझिटरची ती खूण असते की इथं अक्षर यायचं बाकी आहे. सोसायटीच्या भांडवलाच्या वृद्धीत मी असा काळा ठोकळा बसवला.

"तुळशीराम," बापूसाहेब म्हणाले. आवाज एकदम हळू झाला होता. "हे छापून झालं की उद्यापासून येऊ नको."

"नाही येत. आधी छापू द्या."

"मी बोलून राहिलो ते समजते तुले?"

"समजते. अहवाल परवा निघाला तर कोणाचं लगन मोडत नाही. ही पत्रिका आज नाही निघाली तर याच्या पोरीचं मोडते. तुमचा गणपती तुमच्याजोळ ठेवा, आमच्या पत्रिकेवर कावून पाठवता?"

माझ्या आयुष्यात मालकाशी इतकं लांब मी तेव्हाच बोललो. पण ओळ वाकडी झाली नाही. ब्लॉक काढला, पुसून त्यांच्या टेबलावर ठेवला. वर 'नमो बुद्धाय' लावलं. मध्ये आमची ओळ लावली. मुहूर्ताच्या जागी 'सकाळी दहा वाजता' लावलं. प्रूफ ओढलं अन् या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सुखदेवकडून मोठ्यानं वाचून घेतलं. जुन्या ओळीसुद्धा. गुंफानं ऐकलं. करीमभाईंनी ऐकलं. बापूसाहेब पाठमोरे उभे होते, त्यांनीही ऐकलंच असेल.

अमरावतीहून आणलेली कोरी कार्डं होतीच. करीमभाईंची मशीन एकदम ताजीतवानी झाली. शाई वाळली की गुंफा जमिनीवर बसून घडी घालू लागली. सुखदेवनं गठ्ठे कॅरिअरला बांधले.

मग बापूसाहेब दगडापाशी आले. "आता तरी हा फर्मा सोड. अहवालाचे खिळे दे."

"मी सोडणार नाही. तुमी मला काढलं. सोडायचा तर तुमी सोडा. या सगळ्यांसमोर सोडा."

त्यांनी सुतळीचं टोक धरलं. मालक माणूस, खिळे त्यांचे, सोडायला हरकत नव्हती. एक दिवस आधी त्यांनी तो सोडलाच होता. पण तेव्हा कोणी पाहत नव्हतं. आता सुखदेव पाहत होता, करीमभाई पाहत होते, गुंफा तर घडी अर्धी टाकून पाहत होती. त्यांनी टोक सोडून दिलं. करीमभाईंना म्हणाले, "पलीकडच्या प्रेसमधून 'द्ध'चे खिळे उसने आण. नाही म्हटले तर माझं नाव सांग."

मालकानं शब्द टाकला की एका प्रेसनं दुसऱ्या प्रेसला खिळे उसने द्यायचे, हा अकोल्यातला नेहमीचा रिवाज. पहिल्या दिवशीही ते हेच करू शकत होते.

लग्न झालं. धामणगावचं वऱ्हाड सकाळच्या गाडीनं आलं. पोराच्या बापानं मांडवात पत्रिका पुन्हा एकदा काढून वाचली, इतका तो माणूस भ्यालेला होता.

मी प्रेसमध्ये गेलो नाही. दोनचार दिवसांनी करीमभाई घरी आले.

"बापूसाहेब बोलते, तू काम पे क्यों नहीं आता?"

"त्यांनीच काढलं ना."

"वो बोलते, मैंने कब निकाला? गुस्से में बोला होगा."

"त्यांना म्हणा, रागात काढलं तर शांतपणे येऊन बोलवा. माझं घर त्यांना ठाऊक आहे."

ते आले नाहीत. मी गेलो नाही. गुंफाला विचारलं तर म्हणाली, "तुमी गेले तं मी घडी घालनार नाई, एवढं ध्यानात ठेवजा." आम्ही अमरावतीला बिऱ्हाड हलवलं. तिथल्या प्रेसमध्ये मी खिळे बंद होईपर्यंत होतो. तिची माहेरची माणसं लांब झाली. त्यावरून तिनं मला एकदाही टोचलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर मात्र मीच खोटा.

अकोल्याचा तो फर्मा बापूसाहेबांनी पुन्हा सोडला नाही. करीमभाई भेटले की सांगायचे. आमचे लोक येतच राहिले, नावं बदलत राहिली. शेवटी त्या ओळींचे खिळे झिजून इतके सपाट झाले की शाई धरेनात. तेव्हा ते वितळवायला गेले. खिळ्यानं असंच जावं.

आता बटनाचे दिवस आहेत. खुशाल दाबा. तेच ते पुन्हा लिहिण्यात काही मोठेपणा नाही, मी जन्मभर टाळलं. फक्त छापण्याआधी सारं मॅटर दुसऱ्या एका माणसाला दाखवा. जे बदललं तेच नाही, जे बदललं नाही तेही दाखवा. वाचता येत नसलं तरी चालते.

माझ्या घरी तसं माणूस होतं.